नऊ वाजेपर्यंतची सावली

सह्याद्रीची भिंत आमच्या पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्य आधी घाटावर जुन्नरला उगवतो आणि मग ती भिंत चढून आमच्या मुरबाडात डोकावतो. ऐन पायथ्याशी उभं राहिलात तर उजाडल्यावरही तास-दीड तास ऊन अंगावर येत नाही. भिंतीच्या जितकं जवळ जाल तितका हा वेळ वाढत जातो. शाळेत भूगोलाच्या बाईंनी पर्जन्यछाया घोकून घेतली होती, पण ही साधी, रोज सकाळी पडणारी डोंगराची छाया कुणी शिकवली नाही. मला ती अठ्ठाविसाव्या वर्षी, एका कुत्र्यामुळे नीट कळली.

कुत्र्याचं नाव गुळ्या. रंग गुळाचा, तोही काळपट, केमिकल न घातलेल्या गुळाचा. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा आसनगाव स्टेशनवरच्या कुत्र्यांचे हाल सुरू झाले, कारण त्यांचं पोट प्रवाशांच्या बिस्किटांवर आणि वडापावच्या उरलेल्या पावावर चालायचं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि लॅपटॉप घेऊन शहापूरला घरी परतले होते. पप्पा रोज संध्याकाळी दहा-बारा चपात्या घेऊन स्टेशनकडे जायचे. पावसाळ्यात एकदा ते पिशवीत एक पिल्लू घेऊन आले. 'दोन दिवस ठेवू' म्हणाले. गुळ्या आता पाच वर्षांचा आहे, एकोणीस किलो वजनाचा, आणि पप्पांच्या खुर्चीत बसतो.

गुळ्याला डोंगरावर न्यायचं हे माझ्या डोक्यातलं खूळ, पण नाणेघाटाचं नाव पप्पांनी काढलं. ते एसटीत ड्रायव्हर होते. कल्याण-आळेफाटा मार्गावर त्यांनी बरीच वर्षं गाडी चालवली. वैशाखरे गाव मागे पडलं की डोंगराच्या कडेला नानाचा अंगठा दिसतो. त्या अंगठ्याशेजारच्या खिंडीतून नाणेघाटाची वाट वर जाते, हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं. मुलामुलींचे घोळके त्यांनी तिथे उतरवले होते, संध्याकाळी चिखलाने माखलेले घोळके परत गाडीत घेतले होते. स्वतः कधी गेले नव्हते. 'ड्युटीवर असताना कसं जाणार, आणि सुट्टीच्या दिवशी परत त्याच रस्त्याने कोण जातंय,' असं त्यांचं म्हणणं.

कुत्रा बरोबर असेल तर आमच्या भागातले पर्याय तसेही भराभर कमी होतात. शहापूरला घराच्या खिडकीतून दिसणारा माहुली तानसा अभयारण्यात येतो. मुरबाडचा सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात. तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही, आणि हा नियम मला पटतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली प्राण्यांपर्यंत पोहोचला तर काय होतं ते गीरच्या सिंहांच्या बाबतीत २०१८ साली दिसलं. गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चार पायांसाठी नाहीत. दोन पायांसाठी तरी आहेत का, हा वेगळा प्रश्न. उरला नाणेघाट. वाट जुनी, रुळलेली, सुरुवातीचा मोठा टप्पा जंगलातून. ज्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल लादलेली जनावरं जुन्नर आणि पैठणकडे जात होती, ती एका गावठी कुत्र्याला जड जाऊ नये.

पण मार्च संपत आला होता, आणि मुरबाडचा मार्च म्हणजे काय ते मुरबाडकरांना सांगायला नको. फोन दुपारचं तापमान ३९ दाखवत होता.

कुत्र्याच्या शरीराबद्दल एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याला अंगभर घाम येतो, तो वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि त्याने काही फरक पडत नाही. त्याची खरी सोय म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि घसा यांच्यावरून हवा वेगाने फिरवायची आणि तिथलं पाणी वाफ होऊन उडू द्यायचं. हवा दमट असेल तर वाफ नीट होत नाही. म्हणजे घाटमाथ्यावरच्या कोरड्या ३५ अंशांपेक्षा पायथ्याचे दमट ३५ अंश कुत्र्याला जास्त त्रासाचे. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. मधलं अंतर फार नाही. आणि सगळ्यात वाईट भाग असा की तो थांबत नाही. तुम्ही चालताय तोवर तोही चालत राहतो. इन्स्टाग्रामवर गॉगल लावलेल्या कुत्र्यांची शिखरावरची रील्स असतात, खाली लिहिलेलं असतं, 'ही लव्ह्ज ट्रेकिंग'. त्याला तुम्ही आवडता एवढंच त्या रीलमधून सिद्ध होतं.

मग मी जे येतं ते केलं. नासाच्या एका अंतराळमोहिमेने २००० साली जगभरच्या जमिनीची उंची रडारने मोजली होती, ती माहिती फुकट उतरवून घेता येते. दर तीस मीटरला एक आकडा. सूर्य कुठल्या तारखेला किती वाजता कुठल्या दिशेला किती वर असतो याची सूत्रं तयार मिळतात. पायथॉनमध्ये चाळीसेक ओळी लिहिल्या. वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी पूर्वेचा डोंगर सूर्याला किती वाजेपर्यंत अडवून धरतो, ते नकाशावर रंगवलं. ऑफिसात मी जे काम करते त्यापेक्षा हे किती तरी उपयोगाचं होतं, पण ते जाऊ दे.

नकाशात दिसलं ते मजेशीर होतं. सकाळी डोंगराची सावली आधी दूरवर पसरलेली असते. सूर्य वर चढतो तशी तिची कड पश्चिमेकडून पूर्वेकडे, भिंतीच्या दिशेने सरकत येते. नाणेघाटाची वाटही पश्चिमेकडून पूर्वेकडे, भिंतीच्या दिशेनेच जाते. म्हणजे वेळेवर निघालात तर उन्हाची रेघ तुमच्या मागोमाग येत राहते आणि तुम्ही तिच्या पुढे सावलीत चालत राहता. माझ्या हिशेबाप्रमाणे हायवेजवळ आठच्या आत ऊन येणार होतं, आणि भिंतीच्या कुशीत नऊच्या पुढे. मी खूश होऊन पप्पांना लॅपटॉप दाखवला.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "यात झाडं कुठायत?"

"झाडं नाहीत यात. फक्त डोंगर."

"मग येताना काय करशील? तेव्हा डोंगराची सावली नसणार ना. झाडाची धरावी लागेल. आणि तिथे सगळा साग. मार्चमध्ये सागाची सावली धरू नको."

पप्पांचं लहानपण किन्हवलीजवळच्या गावात गेलं. जंगल सावलीचं आहे असं मी ज्या फोटोंवरून ठरवलं होतं ते सगळे जुलै-ऑगस्टचे होते, हे त्यांनी एका वाक्यात दाखवून दिलं. आमच्याकडचं जंगल पानगळीचं. फेब्रुवारीपासून साग उघडा पडतो. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं, फोटोला छान, डोक्याला काही उपयोग नाही. सावली हवी असेल तर ओढ्याच्या काठाने बघायची. तिथे आंबा असतो, जांभूळ असते, उंबर असतो. कुसुंबाला याच दिवसांत लालभडक पालवी येते, तीही दाट. पप्पांनी मला एका कागदावर अशी झाडं लिहून दिली आणि म्हणाले, "ही दिसली की खूण करून ठेव. येताना या झाडापासून त्या झाडापर्यंत, अशी गाडी काढायची."

रात्रीच ठरवून टाकलं की साडेआठ वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. गुहा आली असो वा नसो.

शनिवारी पहाटे साडेचारला शहापूर सोडलं. किन्हवली, सरळगाव, टोकावडे. मागच्या सीटवर गुळ्या आणि सहा लिटर पाणी. त्यातलं तीन लिटर गुळ्याच्या नावाचं, प्यायला आणि अंगावर ओतायला. एवढं न्यायचं दुसरंही कारण होतं. मार्चअखेर पाड्यात कुणाकडे कुत्र्यासाठी पाणी मागायची वेळ येऊ नये.

सव्वासहाला वाटेला लागलो. गुळ्या पट्ट्यातच होता. या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि पहाटेच्या अंधुक वेळी मोकळा फिरणारा कुत्रा हे त्याचं सगळ्यात सोपं भक्ष्य. वैशाखऱ्यापासूनच एक गावचा कुत्रा आमच्यामागे आला होता. पांढरा, एक कान फाटलेला, कुणाचाच नसल्यासारखा आणि सगळ्यांचा असल्यासारखा. सह्याद्रीत हे नेहमीचं आहे. पायथ्याची कुत्री ट्रेकर्सबरोबर वरपर्यंत जातात, बिस्किटं खातात, दुसऱ्या ग्रुपबरोबर खाली येतात. गुळ्याने थोडं गुरगुरून पाहिलं, त्याने दुर्लक्ष केलं, विषय संपला.

मोहाची फुलं पडायला लागली होती. काही झाडांखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, म्हणजे पहाटे फुलं नीट वेचता येतात. दोन बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसल्या, त्यांच्याबरोबर एक लहान मुलगी. हवेत तो आंबूसगोड वास होता. गुळ्या फुलं खायला लागला तेव्हा पट्टा ओढून त्याला पुढे न्यावं लागलं.

पहिला तास इतका सुंदर गेला की त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. समोर भिंत निळसर-काळी, तिच्यावरचं आकाश पिवळं होत चाललेलं, आणि आम्ही सगळे तिच्या सावलीत. सात-सव्वासातला मागे वळून पाहिलं तर दूरवर पश्चिमेला ऊन पडलं होतं. पाऊण तासाने ते बरंच जवळ आलं होतं. नकाशात पाहिलेली रेघ खरोखर जमिनीवरून सरकत येताना बघणं हा एक वेगळाच आनंद असतो. कोड पहिल्याच फटक्यात चालल्यासारखा. पप्पा मात्र झाडं मोजत होते. ओढ्याकाठचा आंबा. त्याच्या पुढे जांभळीची दोन झाडं. मग बराच वेळ साग. एका वळणावर कुसुंब. प्रत्येक ठिकाणी ते थांबून आजूबाजूला बघायचे आणि 'हं' म्हणायचे, थांबा आल्यासारखे.

ओढ्याला पाणी नव्हतं, पण एका ठिकाणी मोठ्या दगडाखालची वाळू काळपट दिसत होती. पांढऱ्या कुत्र्याने तिथे जाऊन पुढच्या पायांनी उकरलं, हातभर खड्डा केला आणि त्यात पोट टेकून पसरला. वरची वाळू फेकून दिली की खालची गार असते, हे त्याला कुणी शिकवलं असेल? गुळ्या त्याच्याकडे बघत उभा राहिला. आमच्या घरी फॅन आहे.

तिथून पुढे तो आला नाही. मी बिस्किट दाखवलं, त्याने शेपटी हलवली, उठला नाही. पावसाळ्यात तो नक्कीच वर जात असेल. त्या दिवशी, पावणेआठ वाजता, त्याने त्याचं ठरवलं होतं.

साडेआठला आम्ही शेवटच्या चढाच्या खाली, भिंतीला जवळजवळ लागून होतो. इथून दगडी पायऱ्यांची वाट उभी वर जाते. गुहा अर्ध्या-पाऊण तासावर. मी तिथे कॉलेजात असताना पावसाळ्यात शे-दीडशे माणसांच्या गर्दीत गेले होते. गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची मोठी यादी. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि त्यात आकडे आहेत. दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. शून्य नाही. भारतात इतक्या जुन्या काळी अंक कसे लिहीत होते हे सांगणाऱ्या अगदी थोड्या जागांपैकी ही एक. त्या गर्दीत मला ते धड बघता आलं नव्हतं. गुहेच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी हा घाट वापरात ठेवला त्यांना चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी काय लागतं ते माहीत होतं. घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण त्यानंतर येतो.

हे सगळं मी पप्पांना येताना गाडीत सांगितलं होतं. त्यामुळे मी घड्याळ दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, अजून गारवा आहे. बघ, ऊन कुठे आलंय? अर्धा तास तर राहिला."

गुळ्या मजेत होता. जीभ थोडी बाहेर, कान उभे, शेपटी वर. ऊन खरंच आलं नव्हतं. मागे फिरावं असं वाटायला लावणारं तिथे काहीही नव्हतं, आणि मुद्दा नेमका तोच होता. मी त्यांना हिशेब सांगितला. सव्वानऊला गुहेत. पंधरा मिनिटं थांबलो तरी साडेनऊ. उतरताना पायऱ्यांवर सरळ ऊन, तिथला कातळ काळा. खाली सागाच्या पट्ट्यात पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. सावलीत चढलेली हीच वाट तेव्हा पूर्ण उन्हात असणार, आणि तीन तास चाललेला गुळ्या तेव्हा आताएवढा ताजा नसणार. जमीन किती तापली ते बघायला हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद ठेवायची, ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतात. इथे आत्ता हात टेकवून काही कळणार नव्हतं. कळेल तेव्हा आपण अर्ध्या वाटेत असू.

"मग तू थांब याच्याबरोबर. नाहीतर मी थांबतो, तू जाऊन ये."

"मी पाहिलंय पप्पा. तुम्ही जा. तो ग्रुप येतोय ना, त्यांच्याबरोबर जा. मी याला घेऊन सावकाश खाली जाते."

मागून पाच-सहा जणांचा ग्रुप येत होता, डोंबिवलीची मुलं. त्यांनी काकांना आनंदाने बरोबर घेतलं असतं. पप्पांनी वर पाहिलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या. मग वळून गुळ्याकडे पाहिलं. गुळ्या पट्टा ताणून त्यांच्यामागे जायला निघाला होता.

ते खाली आले. म्हणाले, "घाटात गाडी गरम व्हायला लागली की काही ड्रायव्हर म्हणतात, वर पोचून थांबू. वर पोचतात, आणि मग रेडिएटर फुटतो. काटा लाल व्हायच्या आधी थांबायचं असतं. याची जीभ म्हणजे रेडिएटरच की." थोडं थांबून म्हणाले, "आणि गाडी सोडून ड्रायव्हर जात नाही."

मला वाटतं त्यांना वाईट वाटलं होतं. गुडघ्याचं दुखणं गेल्या वर्षीपासून आहे, आणि असा मोकळा दिवस, लेक बरोबर, पुन्हा कधी जमेल ते त्यांना माहीत नव्हतं. हे मला तेव्हा दिसत होतं आणि तरीही मी मागे फिरायलाच लावलं. आजही तेच करीन.

त्या मुलांबरोबर एक हस्की होता. खरंच. मार्चअखेर, मुरबाडला, दोन थरांची लोकर अंगावर घेऊन. जीभ आताच रुंद आणि चपटी झालेली, तोंडाला चिकट फेस. मी त्यांच्याशी बोलले, शक्य तितक्या गोडीत. हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय लटपटले, ओकारी झाली तर तिथेच सावलीत थांबवा. पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओता, टोपीने वारा घाला, आणि मग डॉक्टरकडे पळा. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. एक मुलगी ऐकत होती. हस्कीचा मालक हसून म्हणाला, "ताई, याला सवय आहे." पप्पांनी आमच्यातली एक लिटरची बाटली त्या मुलीच्या हातात दिली. ते वर गेले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आम्ही हायवेला लागेपर्यंत ते खाली आलेले नव्हते.

उतरताना सव्वानऊला ऊन लागलं. एकदम, दिवा लावल्यासारखं. सागाखाली वाळलेल्या पानांचा खच, प्रत्येक पावलाला आवाज, आणि वर नुसत्या काड्या. खोडांच्या बारीक सावल्या वाटेवर आडव्या पडलेल्या. गुळ्या त्या सावल्यांवर थबकत, मधलं ऊन भरभर ओलांडत चालायला लागला. साडेनऊच्या सुमारास त्याची जीभ लांबली. कुसुंबाखाली थांबलो. पाणी पाजलं, पोट आणि पंजे भिजवले, पप्पांनी टोपीने वारा घातला. दहा मिनिटांनी धाप कमी झाली. मग जांभळी, तिथे परत तेच. मग आंबा. यादीतल्या प्रत्येक झाडाखाली आम्ही थांबलो. अशा पाच थांब्यांनी ती वाट उतरली. ओढ्यातला खड्डा रिकामा होता, पांढरा कुत्रा निघून गेलेला. गुळ्या त्यात जाऊन बसला, पोट टेकून, आणि पाच मिनिटं उठायला तयार नव्हता.

साडेदहाला रस्त्याजवळच्या एका घराशी आलो. पाण्याच्या पाचांपैकी चार लिटर संपले होते. ओट्यावर एक आजी मोहाची फुलं वाळत घालत होत्या. गुळ्याला पाहून म्हणाल्या, "पानी पाजलास का गं त्याला, पोरी?"

"पाजलं मावशी. आहे अजून आमच्याकडं."

"हाय तं हाय. गाडीतला तापला असंल."

मी नको नको म्हणेपर्यंत त्या आत गेल्या आणि माठातलं पाणी एका चेपलेल्या जर्मनच्या टोपात घेऊन आल्या. पप्पांनी विचारलं, पाणी कुठून आणता. विहिरीचं पाणी खाली गेलंय, पहाटे दोन खेपा सून घालते, दोन ही धाकटी. वेळेवर गेलं नाही तर खरवडावं लागतं. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आजची तारीख सांगावी तसं सांगितलं.

पप्पा मान हलवत राहिले. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं धरण. भातसा आहे, मोडकसागर आहे. आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातो. शाळेत आम्ही या धरणांवर निबंध लिहिले, पहिला परिच्छेद नेहमी अभिमानाचा. ठाण्याच्या ऑफिसात मी बाटली अर्धी पिते आणि उरलेली बेसिनमध्ये ओतून नवी भरते, हे त्या ओट्यावर आठवलं.

एकोणीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हात चालला तर त्याहून जास्त. गुळ्याने अर्धा टोप प्यायला आणि थांबला. मी संकोचून उरलेल्याकडे बघत होते. आजींनी टोप उचलला आणि ते पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतलं. आमच्याकडचं एक लिटर मी त्यांच्या माठाशेजारी ठेवलं तेव्हा त्या हसल्या. "बाटलीचा पानी," म्हणाल्या, "पोरांना आवडतो."

घरी आल्यावर गुळ्याच्या कानामागून आणि बोटांमधून तीन गोचिडी निघाल्या. त्या चिमट्याने काढल्या, कारण गोचीडतापाचा अनुभव शेजारच्या कुत्र्याच्या बाबतीत घेऊन झाला होता. तो संध्याकाळी सातपर्यंत फरशीवर पसरून झोपला. त्याची खुर्ची रिकामी होती म्हणून पप्पा तिच्यात बसले, माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन. पहाटेची झाडांची यादी त्यांनी खिशातून काढली होती.

"हे डिसेंबरचं काढता येईल का?" त्यांनी विचारलं.

येतं. तारीख बदलायची फक्त. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, सावलीची कड वेगळ्या कोनातून सरकते. आणि साग तेव्हा अजून पानात असतो. मी तारीख बदलून चालवलं. पप्पांनी पडद्यावर बोट ठेवून पायऱ्यांची जागा शोधली.

"साडेचारला नको," ते म्हणाले. "पाच चालेल."